कल्पेशचे नऊ सेकंद

नव्या मशीनवर कोमलने सगळा बंदोबस्त केला होता. स्क्रीनसेव्हर बंद, अपडेट बंद, अँटिव्हायरसच्या सूचना बंद, स्क्रीनचा आकार कायम. तरी टेस्ट तीनदा पास व्हायची आणि चौथ्यांदा कोलमडायची. अविनाश सरांची अट साधी होती. ओळीने दहा वेळा हिरवा निकाल, मगच कंटेनर यार्डाचं सॉफ्टवेअर शुक्रवारी गिऱ्हाइकाच्या हाती. आज गुरुवार होता.

टेस्ट कल्पेशने रेकॉर्ड केली होती. उरणच्या कोळीवाड्यातला, दोन वर्षं कोमलच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि तीन महिन्यांपूर्वी पळस्पे फाट्यावर अपघातात गेला. त्याने एकदा माउस फिरवला, तो टेस्टिंगच्या टूलने टिपला, आणि तेव्हापासून स्क्रीनवरचा बाण रोज आपोआप तसाच फिरत होता. बाण बटणाजवळ यायचा, किंचित डावीकडे ढळायचा, मग टेकायचा. कल्पेशचीच ढब. पनवेलच्या त्या ऑफिसात ही टेस्ट चालू असताना स्क्रीनकडे पाठ करून कुणी डबा खात नसे.

अडायचं चौदाव्या पायरीला. 'सेव्ह' दाबण्याआधी बाण फॉर्म सोडून कोपऱ्यातल्या घड्याळावर जायचा. नऊ सेकंद तिथेच. तारखेची पिवळी पट्टी उघडायची. जुन्या मशीनवर ती वेळेत मिटायची. इथे कधीकधी 'सेव्ह'वरच अडून राहायची आणि क्लिक वाया जायचं.

"तिथे काय बघतोय हा?" कोमल पुटपुटली.

"भरती बगतो, मॅडम," चहा ठेवता ठेवता गणू म्हणाला. ऑफिसचा हा जुना शिपाई कल्पेशच्याच गावचा. "तारखेवरून तिथी, तिथीवरून पानी. बोटांवर मोजायचा न् बापाला फोन लावायचा. त्या बापाची, बुधाजीची होडी खाडीत असायची ना."

"रेकॉर्डिंग चालू असताना?"

"इसरला असंल. पानी काय इसरता येत नाय."

कोमलने स्क्रिप्ट उघडली. घड्याळावर जा. थांब. परत ये. तीनच ओळी.

"काढू का, काका?"

"मना काय इचारता? शिकलेल्या तुमी."

तिने ओळी निवडल्या आणि डिलीट दाबलं. 'नक्की का?' एवढंही मशीनने विचारलं नाही.

पाच वाजेपर्यंत ओळीने दहा हिरवे निकाल आले. अविनाश सर दारातूनच म्हणाले, "वा, वेळही वाचला की."

ते गेल्यावर कोमलने, गरज नसताना, अकराव्यांदा टेस्ट लावली. चौदावी पायरी आली. बाण 'सेव्ह'जवळ पोचला, किंचित डावीकडे ढळला, टेकला. हात त्याचाच होता. फक्त त्याला आता घरची आठवण येत नव्हती.