भुऱ्याचं पथ्य

शांतीच्या तोंडून भुऱ्याबद्दल चांगला शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. भुऱ्या म्हणजे मुंगसासारखा लांबोडका, गुलाबी नाकाचा फेरेट. शांतीचा मुलगा जिग्नेश वापीला कारखान्यात कामाला. तिथला त्याचा साहेब परदेशी गेला आणि जाताना हा विलायती पाहुणा जिग्नेशच्या गळ्यात पडला. जिग्नेशने तो बोर्डीला आणून आईच्या पदरात टाकला. "दोन महिने सांभाळ," म्हणाला. त्याला आता वर्ष होत आलं.

"मेला नुसता घाण मारतो," शांती शेजारच्या भिकीला सांगायची. सांगणारी स्वतः दिवसभर मासळी विकून आलेली असायची, पण हे भिकी मनातच ठेवायची. खरं तर शांतीचा भुऱ्यावर भारी जीव. मात्र जीव आहे असं बोलून दाखवलं की दृष्ट लागते, हे तिचं पक्कं मत. म्हणून उठता बसता ती त्याला शिव्या घालायची.

तरी दृष्ट लागलीच. भुऱ्याला जुलाब सुरू झाले. अंग खाजवून खाजवून पाठीवर लाल चट्टे उठले, शेपटीचे केस गेले. शांतीने घरातल्या पोरांना करतात तेच केलं: रोज कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ आणि वर खोबरेल तेल. भुऱ्या ते तेल चाटूनपुसून साफ करायचा आणि पुन्हा कोपरा गाठायचा. शेवटी मासळीच्या रिकाम्या पाटीत घालून, वर फडकं बांधून, तिने त्याला एसटीने डहाणूला नेलं.

"खायला काय देता?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय नाय ओ. आमच्यातलं सुकट. आणि जरासा चिकू."

"जरासा म्हणजे किती?"

आता काय सांगणार? बोर्डीत आल्यागेल्याच्या हातावर चिकू ठेवायचाच. भुऱ्या तर पाहुणा. त्याला बघायला अर्धं गाव यायचं, आणि रिकाम्या हाताने कोण येतंय?

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, हा पक्का मांसाहारी. गोड त्याला पचत नाही. उकडलेली कोंबडी द्या, अंडं द्या. खारवलेलं बंद. आणि रोज आंघोळ घालून कातडी कोरडी पाडलीत त्याची. तेलही नको, ते सगळं पोटात जातंय."

मासळीवालीने कोंबडीच्या दुकानापुढे उभं राहायचं म्हणजे नाक कापून घेणंच. पण शांती उभी राहिली. गावाचा चिकू तिने उंबऱ्यावरच अडवला. गावातल्या म्हाताऱ्या नारूने "एकच फोड गं" म्हणत भुऱ्यापुढे चिकू धरला, तर त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. महिन्याभरात भुऱ्याचं पोट ताळ्यावर आलं, शेपटीवर मऊ लव उगवली. शांतीला इतका आनंद झाला की तिने लगेच जिग्नेशला फोन लावला आणि सांगितलं, "तुझ्या या भुताने जीव खाल्ला माझा."

जिग्नेश बिचारा सरळ माणूस. पुढच्या रविवारी तो वापीच्या, ओळखीच्या प्रविणभाईंना घेऊनच आला. "आये, मिटली तुझी कटकट. हे नेतात भुऱ्याला."

आपल्याच तोंडाने आपण हे ओढवून घेतलं, हे शांतीला कळून चुकलं. प्रविणभाईंनी भुऱ्याला उचललं, तसा तो नालायक खुशाल त्यांच्या बाहीत शिरला.

"वाह, मस्त छे!" ते म्हणाले.

चाळीस वर्षं शिळ्या पापलेटाला ताजं म्हणून खपवणारी ही बाई पुढे झाली आणि जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे माल पाडून बोलू लागली. "मस्त कसला? पोट नाजूक हाय त्याचं. कोंबडी लागते, ती पण बिनमिठाची, बारीक करून. पाणी मडक्यातलं. दुपारी ओला गोणपाट अंथरायचा, नायतर धापा टाकतो. कान पुसताना डावा आधी, नायतर चावतो. आणि ढग गडगडले की माझ्या पदरात झोपतो. तुम्ही पदर कुठून आणणार?"

प्रविणभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बाहीतून भुऱ्याला हळूच काढून तिच्या हातात दिलं. "मासी, द्यायचा नाय, एवढंच बोला ने."

शांतीचे डोळे भरून आले होते. तिने भुऱ्याला छातीशी धरलं.

"नाय द्यायचा," ती म्हणाली, आणि मग भिकीच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "गुणाचा हाय माझा भुऱ्या. जीव हाय माझा त्याच्यावर!"