फळ्याचा वरचा भाग

नांदेडच्या प्रशिक्षणात शिक्षकांना एकेक करून आतल्या खोलीत बोलवत होते. लॅपटॉपवर एका वर्गाचा व्हिडिओ दाखवायचे आणि बघणाऱ्याचे डोळे कुठं कुठं जातात ते पडद्याखालचा छोटा कॅमेरा टिपून घ्यायचा. मग वर्गात काय काय दिसलं ते विचारायचे. दामिनी मुदखेडजवळच्या शाळेत चौथीला शिकवायची. तिच्या आधी आत जाऊन आलेल्या बाई म्हणाल्या, "सोपं हाय. मागची पोरं लई चुळबुळी आहेत, तेवढं सांगायचं."

व्हिडिओ सुरू झाला. फळ्याकडं तोंड केलेल्या गुरुजींची नुसती मान दिसली आणि दामिनीनं ओळखलं. मल्लेश. तिचा नवरा.

लग्न झाल्यापासून तो निलंग्याकडच्या शाळेत आणि ती इकडं. जिल्हे वेगळे, म्हणून बदलीचा अर्ज दरवर्षी भरायचा आणि दरवर्षी वाट बघायची. सुट्टीला कधी तो यायचा, कधी ती जायची. एरवी फोनवर दिसायचा, तो गळ्यापर्यंत. त्याला शिकवताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तो अपूर्णांक शिकवत होता. भाकरी कशी वाटायची यावरून पोरांशी खोटं खोटं भांडत होता, पोरं खिदळत होती. हा खणखणीत आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिच्याकडं यायचा तो दिवसभर एसटीत आदळून आलेला, हळू बोलणारा माणूस. हा सबंध मल्लेश त्या पोरांना रोज मिळत होता. तिला त्या पोरांचा हेवा वाटला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

व्हिडिओ संपला. प्रशिक्षण देणाऱ्या लुंबिनी मॅडमनी तिच्या नजरेचा नकाशा उघडला. सगळे लाल ठिपके गुरुजींवर.

"नवीन लागलेले शिक्षक असं बघतात, मॅडम. पोरांकडं बघायचं सोडून शिकवणाऱ्याकडंच. तुम्ही तर जुन्या आहात."

दामिनी खाली बघत म्हणाली, "ते माझे मालक आहेत."

लुंबिनी मॅडम हसल्या नाहीत. "शाळेचं नाव लपवलं होतं आम्ही," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी कॅमेरा बंद केला. "ही नोंद मी धरत नाही. पुन्हा बघायचंय?" व्हिडिओ लावून त्या दार ओढून बाहेर गेल्या.

या खेपेला दामिनीला फळा दिसला. वरचा सगळा भाग कोरा होता. एवढा उंच माणूस छातीच्या खाली वाकून लिहीत होता. मागं घरी आला तेव्हा फळीवरचा डबा त्यानं तिलाच काढायला लावला होता. तिला वाटलं होतं, लाडात आलाय. आता तिची नजर पोरांकडं गेली. मागच्या ओळीतली पोरं चुळबुळ करत नव्हती. पुढच्यांच्या डोक्यांवरून फळा बघायला गुडघ्यांवर उभी राहत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"खांद्याला काय झालंय?"

"कुणी सांगितलं?"

"तुमचा वर्ग बघितला आत्ता. इथं प्रशिक्षणात दाखवायलेत."

"आखडलाय. हात वर जाईना. तू तिकडं काळजी करत बसशील म्हणून बोललो न्हाई."

"मागच्या पोरांना फळा दिसंना गेलाय. गुडघ्यावर उभी राहून बघायलेत."

"खरंच की. अन् मी त्यांना खाली बसा म्हणून ओरडत राहिलो."

"त्यांना पुढं घ्या. अन् डॉक्टरकडं जा."

"हाव." मग हळूच त्यानं विचारलं, "कसा शिकवतो मी?"

दामिनी म्हणाली, "घरी असं कधी बोलत न्हाई तुम्ही."

"घरी कुठं असतो आपण," तो म्हणाला.

तिकडं घंटा झाली, पोरांचा गलका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

दुपारी दुसरा व्हिडिओ होता. कुणी अनोळखी बाई कविता शिकवत होत्या. दामिनीची नजर सगळ्या वर्गावरून सारखी फिरली, एकही पोर सुटलं नाही. लुंबिनी मॅडम नकाशा बघून खूश झाल्या. दामिनीनं मान हलवली आणि पर्स उचलली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर निलंग्याला पोचवणारी गाडी मिळेल का, हे तिला स्टँडवर जाऊन विचारायचं होतं.