भाऊजींचं पाणी

एप्रिल लागला आणि कासवाने खाणं सोडलं. जास्वंदीची पानं पुढे ठेवली ती तशीच वाळून गेली. दुधीची साल ठेवली तिला मुंग्या लागल्या. मारुती रोज सकाळी ते सगळं उचलून टाकायचा आणि नवीन ठेवायचा. कासव शिलाई मशीनच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसलेलं असायचं.

कासव त्याच्या बायकोचं, कलावतीचं. तळमजल्यावरचे भाडेकरू खोली सोडून गेले तेव्हा ते जिन्याखाली टाकून गेले होते. मुलगी रसिका लग्न होऊन ठाण्याला गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यातली ही गोष्ट. कलावतीने ते पदरात घालून तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि नाव ठेवलं भाऊजी. मारुतीचा धाकटा भाऊ वर्षातून एकदा पाटणहून यायचा. ताट वाढलं की मान बाहेर काढायचा आणि कामाचं नाव निघालं की आत घ्यायचा. "अगदी तुमच्या भावाचा नमुना," ती म्हणायची. मारुतीला राग यायचा, आणि हसूही यायचं.

पौषात ती गेली. पोटात दुखतंय म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात, आणि तिथून ती परत आलीच नाही. मारुती तेव्हा सगळीकडे स्वतः उभा होता. औषधं आणायला, गाडी बोलवायला, आल्यागेल्याच्या चहाचं बघायला, दहाव्याला, तेराव्याला. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. धीराचा माणूस आहे, असं लोक म्हणाले. धीर वगैरे काही नव्हतं. कामं होती, ती तो करत होता. कपड्यांना रंग देणाऱ्या कंपनीत जन्म गेलेला, हातात काम असलं की उभं राहायचं एवढंच त्याला ठाऊक. मग पाहुणे गेले, कामं संपली, आणि डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत तो आणि भाऊजी उरले.

घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सगळी आग खोलीत सोडायचा. पंखा लावला तर गरम वारा. फरशीवर आडवं झालं तरी पाठीला ऊब लागायची.

उन्हाळ्याच्या दुपारी कलावती भाऊजींचं काहीतरी करायची. करायची हे मारुतीला माहीत होतं, काय करायची ते माहीत नव्हतं. जेवून त्याचा डोळा लागायचा. उठल्यावर मोरी ओली दिसायची, जुनी परात भिंतीला टेकून निथळत असायची, गॅलरीच्या कठड्यावर ओलं गोणपाट टाकलेलं असायचं. त्याने कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. संसारात कोण कोणाला असं विचारतं?

आता त्याने आपल्या मनाने सुरुवात केली. फ्रिजमधला बर्फ काढून कासवाच्या भोवती ठेवला, तर ते सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करून आणखी कोपऱ्यात सरकलं. टेबलफॅन त्याच्या तोंडावर लावला, तर त्याने डोळे मिटून घेतले ते उघडलेच नाहीत. ओला पंचा अंगावर टाकला, तो अर्ध्या तासात कडक वाळला. डोळे खोल गेले होते. कलावतीचे शेवटी गेले होते, तसेच. हे मनात आलं तशी मारुतीने मान फिरवली.

संध्याकाळी रसिकाचा फोन आला.

"बाबा, जेवलात का?"

"भाऊजी जेवत नाहीत."

"मी तुमचं विचारतेय."

"आमटी केलेली."

"काल पण आमटीच केलेली ना?"

"कालचीच आहे."

मग म्हणाली, "मी उद्या-परवा कूलर घेऊन येते. आणि त्याला पाण्यात ठेवा ना. कासव पाण्यातलं असतं बाबा. आई त्याला कोरडं का ठेवायची मला कधी कळलंच नाही. नाहीतर असं करा, दोघं इकडे या. एसी आहे."

"तुझ्या सासूबाई आहेत तिथे."

"त्या काय तुम्हाला खातायत का?"

"मला नाही खाणार. ह्याला घाबरतील."

रसिका हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मारुतीलाही जरा बरं वाटलं.

फोन ठेवल्यावर त्याला रसिकाच्या घरातलं कासव आठवलं. दारातून आत गेलं की समोरच्या टेबलावर पसरट काचेचं भांडं, त्यात पाणी आणि पाण्याच्या तळाशी पितळेचं कासव. वास्तुशांतीला कोणीतरी दिलेलं. तिच्या सासूबाई रोज सकाळी पाणी बदलायच्या, वर एक फूल सोडायच्या. ते घराला चांगलं असतं म्हणे. मारुती गेला की चपला काढता काढता त्याची नजर तिकडे जायची. कसं गारेगार बसलंय, असं त्याला प्रत्येक वेळी वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाई जास्वंदीची पानं घेऊन जिना चढून आली. बिल्डिंग उभी होती ती जागा तिच्या सासऱ्याची, भाताची. आता ती तळमजल्यावर राहायची आणि सगळ्या मजल्यांची खबर ठेवायची. धापा टाकत उंबऱ्यावर टेकली.

"खाल्लान का काय?"

"नाही ना. पाण्यात ठेवू का म्हणतोय. रसिका पण तेच म्हणते."

"मंग इतके दिस वाट कसली बघतंस? देवलाच्या तलावान किती कासवा हान. मरतान का ती? पान्यातला जनावर तो, त्याला पान्यानच ठेव."

"कलावती नव्हती ठेवत."

"कलावती होती तवा तो खात होता," बायजाबाई म्हणाली. "आता नाय खात."

मारुतीने तिच्या हातातली पानं घेतली.

तो आठवड्यातला पाणी बंदचा दिवस होता. आदल्या रात्री त्याने नेहमीप्रमाणे मोरीतला निळा टब काठोकाठ भरून ठेवला होता. दुपारी त्याने कासव दोन्ही हातांनी उचललं. पाठ तव्यासारखी तापली होती. "चला भाऊजी, बसा गार," तो म्हणाला आणि हळूच टबात सोडलं.

कासवाने चारी पाय हलवले. कितीतरी दिवसांनी ते असं हलत होतं. मान लांब काढून, पाण्याच्या वर धरून, ते टबाच्या कडेकडेने जोरजोरात पाय मारत होतं. मारुती गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिला. हेच पाहिजे होतं त्याला, आणि आपण बर्फ काय देतोय, पंखा काय लावतोय. रसिकाला फोन करून सांगावं असं त्याला वाटलं. मग म्हटलं, येईल तेव्हा दाखवू.

पाणी डुचमळल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. घरात कोणीतरी आहे असा तो आवाज. मारुती चटईवर जरा पाठ टेकायला म्हणून आडवा झाला. पौषापासून त्याला नीट झोप नव्हती. तो आवाज ऐकता ऐकता त्याला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा आवाज नव्हता.

कासव टबाच्या तळाशी होतं. चारी पाय पसरलेले, मान बाहेर. पाणी अगदी स्थिर. मारुतीने खांद्यापर्यंत हात घातला आणि त्याला वर काढलं, तर मान लोंबली. त्याने ते उलटं धरलं. तोंडातून, नाकातून पाणी आलं, आणि मग एक पाय किंचित आखडला.

"बायजाबाय!" तो जिन्यातूनच ओरडला. "रिक्षा बोलवा!"

कल्याणला प्राण्यांच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत तो पंच्यात गुंडाळलेलं कासव मांडीवर तिरकं धरून बसला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"काका, पाणी गळतंय. मासळी हाय का?"

"कासव आहे."

"जिवंत?"

"आहे," मारुती म्हणाला. "तू चालव."

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने काही न विचारता कासव हातात घेतलं, उलटं करून पाणी काढलं, इंजेक्शन दिलं, छातीशी काहीतरी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "काका, हे जमिनीवरचं कासव आहे. ह्याला पोहता येत नाही. दमून बुडालं ते."

"ते पाय मारत होतं. मला वाटलं, आवडतंय त्याला."

आवाज जरा खाली आणून तिने समजावलं. "ह्याला पाणी लागतं, पण परातीत. हनुवटीच्या खाली येईल एवढंच, आणि गार नाही, कोमट. थोडाच वेळ ठेवायचं, आणि माणसाने समोर बसायचं. त्यातच ते पितं. बाकी उन्हाचं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. फुटक्या माठाचा तुकडा आडोशाला दिला तरी चालतो."

परात म्हटल्यावर मारुती मागे सरकून स्टुलावर बसला.

"आधी ह्याचं कोण बघायचं?" तिने विचारलं.

"आमची मंडळी."

"मग त्यांना विचारायचं ना काका."

मारुती हातातला पंचा पिळत राहिला. पाणी तिच्या फरशीवर पडत होतं. मुलीच्या लक्षात आलं असावं. ती वळली आणि औषधाची बाटली शोधू लागली.

"फुप्फुसात पाणी गेलंय," ती पाठमोरीच म्हणाली. "आजची रात्र बघू. आणि काका, हे कासव घरात पाळायला कायद्याने बंदी आहे. बरं झालं की वनखात्याला कळवावं लागेल."

"बरं तर होऊ दे," मारुती म्हणाला.

घरी येऊन त्याने माळ्यावरची जुनी परात काढली. पाणी कोमट केलं, मनगटावर टाकून बघितलं, रसिका तान्ही असताना कलावती बघायची तसं. बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी घेऊन कासव त्यात ठेवलं आणि समोर मांडी घालून बसला. ओंजळीने पाठीवर पाणी सोडलं. डोळ्यांना कापसाने पाणी लावलं. "प्या भाऊजी," तो म्हणत होता. "थोडं प्या. ही इथेच बसायची ना? मी पण इथेच बसलोय." कासवाने एकदा डोळा अर्धा उघडला. पाणी काही प्यायलं नाही. मग त्याने ते पुसून गोणपाटाखाली ठेवलं आणि गोणपाट वाळलं की भिजवत राहिला.

सकाळी मान आत घेतली जात नव्हती. मारुतीने पायाला बोट लावलं, मग पुन्हा लावलं.

रसिका आली तेव्हा दार उघडंच होतं. मागे रिक्षावाला कूलर घेऊन चढत होता. बाप मोरीच्या दारात परातीजवळ बसला होता आणि रडत होता. असा मोठ्याने रडणारा बाप तिने आयुष्यात बघितला नव्हता. शेजारची शीला दारात येऊन बघून गेली होती आणि जिन्यात कुजबुज चालू होती.

रसिकाने रिक्षावाल्याला कूलर बाहेरच ठेवायला सांगितला आणि दार लोटलं.

"बाबा."

तो थांबेना.

"बाबा, लोक बघतायत." मग तिचाही आवाज चढला. "कासवासाठी? आईला असं रडला नाहीत तुम्ही. माझी आई गेली, आणि तुम्ही मंडपवाल्याशी खुर्च्यांचं बोलत होतात. मी बघत होते तुमच्याकडे. वाट बघत होते."

मारुतीने पंच्याने तोंड पुसलं.

"तिच्या वेळी डॉक्टर होते," तो म्हणाला. "तू होतीस. तुझा नवरा होता. ह्याला फक्त मी होतो." आणि परातीकडे बघत म्हणाला, "ती रोज करायची. मी इथेच, ह्या चटईवर झोपलेलो असायचो. एकदा डोळा उघडून बघितलं असतं तरी मला कळलं असतं."

रसिका त्याच्या शेजारी ओल्या फरशीवरच बसली. "पाण्यात ठेवा असं मीच म्हणालेले," ती म्हणाली.

"तुला काय माहीत."

"तुम्हाला तरी काय माहीत होतं बाबा?"

पुरायचं कुठे हा प्रश्न होता. बिल्डिंगभोवती सगळीकडे ब्लॉक बसवलेले, मूठभर माती नाही. बायजाबाई वर आली आणि उंबऱ्यावर टेकली. ती म्हणाली, "शीळफाट्याच्या अंगाला आमचा आंबा हाय. त्याच्याखालची जमीन पोरांनी अजून इकलेली नाय. चला."

कासव घेऊन तिघं रिक्षाने गेली. ऊन असं होतं की समोरचा रस्ता हलत होता. आंब्याखाली बायजाबाईने घरून आणलेली पहार आणि फावडं काढून दिलं. रसिका म्हणाली, कोणाला तरी बोलवू या. मारुतीने ऐकलं नाही.

वरची माती पोळत होती. पहार मारली की टणकन परत यायची, हाताला झिणझिण्या यायच्या. वीतभर खाली गेल्यावर मात्र ढेकूळ सुटू लागलं आणि रंग बदलला. मारुती गुडघ्यावर बसून हाताने माती उकरायला लागला, आणि उकरता उकरता थांबला.

"रसिका, इथे हात घाल."

तिने हात घातला. "गार आहे," ती म्हणाली.

"बर्फासारखं नाही बघ. बेताचं गार आहे." त्याने तळवा मातीवर सपाट टेकवून ठेवला. "असंच पाहिजे असणार त्याला. एवढं तिसऱ्या मजल्यावर कुठून आणायची ती, कुणास ठाऊक."

बायजाबाईने पदर डोक्यावर घेतला. "बास झाला, मारुती. एवढ्याशा जनावराला एवढा खड्डा खूप झाला."

"अजून थोडं," तो म्हणाला.

त्या दोघी सावलीत उभ्या राहिल्या, आणि मारुती कोपरापर्यंत हात घालून खालची गार माती बाहेर काढत राहिला.