दोनास एकचा चढ

महादेवराव मराठीचे मास्तर. व्याकरणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण गणिताची त्यांना मॅट्रिकपासून धास्ती होती. आणि नशीब असं खट्याळ, की शहात्तर साली केळझरच्या अलीकडल्या त्या गावात दहावीचा वर्ग उघडला, आणि त्यासाठी नेमलेले गणिताचे मास्तर एक दिवस गाव बघून गेले ते परत आलेच नाहीत. हेडमास्तरांनी वेळापत्रकात बीजगणितापुढे महादेवरावांचं नाव लिहून टाकलं. वर्गाची परवानगी एका वर्षाची होती. मुलं नऊ. त्यातली पाच पास झाली तर वर्ग राहणार, नाहीतर बंद. बंद झाला म्हणजे सायकलवाली पोरं सेलूला जाणार आणि पोरी घरी बसणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाकीचं बीजगणित त्यांनी कसंबसं रेटलं. घोडं अडलं ते सरळ रेषेपाशी. पुस्तकं अजून आली नव्हती, हाती फक्त अभ्यासक्रमाचा कागद होता. 'रेषेचा चढ व अंतःखंड काढणे', एवढंच त्यावर लिहिलेलं. अंतःखंडाचं त्यांना उमगलं. रेषा आडव्या अक्षाला कुठे कापते आणि उभ्याला कुठे, ते एकाला शून्य धरून काढायचं. पण चढ? तो विचारायला ते थेट मेहुण्याकडे गेले. लक्ष्मणराव कालव्याच्या कामावर मिस्त्री होता, त्याची सगळी नोकरीच मुळी चढावर चालली होती.

"त्यात काय हाय, भाऊजी?" लक्ष्मणराव म्हणाला. "ही कालव्याची पाळ पाहा. आडवं दोन फूट गेलं की उभं एक फूट. दोनास एकचा चढ. आमचा सायेब बी असाच सांगते."

तो खोटं बोलत नव्हता. कालव्यावर तसंच म्हणतात, आडवं आधी आणि उभं मागून. महादेवरावांनी दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग पाळीवर नेला, पोरांना चार वेळा चढवलं-उतरवलं आणि परत येऊन फळ्यावर लिहिलं, चढ म्हणजे आडवं भागिले उभं. पोरं खूश, मास्तर त्याहून खूश. सबंध वर्षात हा एकच धडा असा, की शिकवताना त्यांना भीती वाटली नाही.

दिवाळीनंतर पुस्तकाच्या दोन प्रती आल्या. शिकवून झालेल्या धड्यात पुन्हा डोकं कोण घालतो? त्यांनी पुस्तकं पोरांना आळीपाळीनं वाचायला देऊन टाकली. सराव परीक्षेतही तो प्रश्न घातला नाही. पोरांना येतं तेच काय विचारायचं, असा त्यांचा विचार.

मार्चात सेलूच्या केंद्रावर बीजगणिताचा पेपर होता. फाटकापाशी सुनीतीबाई भेटल्या. त्या तिथल्याच एका शाळेत गणित शिकवत.

"आमची मुलं अजून चढात गोंधळतात हो," त्या म्हणाल्या. "वर्षभर कानीकपाळी ओरडले, उभं वर, आडवं खाली. तरी उलटंच करतात. तुमच्या मुलांना जमतो का?"

"उभं वर?" महादेवरावांनी विचारलं.

"मग काय! उभं भागिले आडवं. पुस्तकात ढळढळीत दिलंय."

महादेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची पाळ दोनाची नव्हतीच, ती निघाली अर्ध्याची. भर रस्त्यात कुणी धोतर ओढावं तशी त्यांना लाज वाटली. तेवढ्यात पहिली घंटा झाली. गप्प बसावं असंही क्षणभर वाटून गेलं. पण प्रश्न आला तर दहा गुणांचा, आणि त्यांची पोरं पस्तिसाच्या काठावरची. वर्गात रूपरावांची पोरगी कोकिळा तेवढी हुशार, पण ती आपला नंबर शोधत केव्हाच आत गेली होती. उरलेली आठ हापशीवर पाणी पीत होती. महादेवराव धावले.

"ऐका रे! म्या तुमाले चढ चुकीचा शिकवला. माही चूक हाय. उलटा करा."

मधू नावाचा मागच्या बाकावरचा पोरगा भीत भीत म्हणाला, "म्हंजे सर, आता आमी जसा करतो त्याच्या उलटा?"

"हो, उलटा! वरचं खाली, खालचं वर. काऊन ते इचारू नका, टाइम नाई."

"बरं, सर."

पोरं आत गेली आणि महादेवरावांचा जीव भांड्यात पडला. आठ पोरांपुढे मास्तरानं आपली चूक कबूल करणं सोपं नसतं. त्यांनी ते केलं होतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत होता. तीन तास ते निंबाखाली बसून राहिले, दोनदा चहा प्याले.

पेपर सुटला तसा मधू धावतच आला. "सर, आलता! दहा मार्काचा! दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर बारा. अंतःखंड सहा अन् चार. चढ उणे दोन छेद तीन येऊन राह्यला होता, म्या उलटवून उणे तीन छेद दोन केला. आमी साऱ्यायनंच केला. तुमी सांगतलं म्हून वाचलो, सर!"

महादेवरावांनी मनात रेषा काढली. उभं चार, आडवं सहा. चार छेद सहा, म्हणजे दोन छेद तीन. पोरांचं आधीचंच बरोबर होतं. ते बरोबर कसं आलं, हेच त्यांना कळेना.

कोकिळा मागून येत होती. मधूचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पोरं हापशीकडे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, तुमी त्यायले उलटा कराले सांगतलं?"

"माहं चुकलं होतं ना, पोरी."

"पुस्तक आलं तवाच मले दिसलं, सर. म्या साऱ्यायचं दुरुस्त करून देलं होतं. सरनंच सांगतलं असं म्हनलं, नाईतर माहं कोन आयकते?"

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी पाळीवर किती खुशीनं शिकवलं होतं..." तिचे डोळे भरून आले होते.

रागवावं तरी कुणावर? लक्ष्मणराव आपल्या कालव्यावर बरोबरच होता. पोरीनं मास्तरांची लाज राखली होती. आणि मास्तर आयुष्यात एकदा गणितात खरं बोलले होते. आठ उत्तरपत्रिका आतमध्ये गठ्ठ्यात बांधून लाखेनं बंद होत होत्या. कोकिळा पास होणार, पण आणखी चार कुठून आणायची?

"त्यायले आज सांगू नका, सर," कोकिळा डोळे पुसत म्हणाली. "उद्या भूमितीचा पेपर हाय. हातपाय गळतीन त्यायचे."

मधू तोंड पुसत परत आला, त्याच्यामागे बाकीची सात.

"सर, दहापैकी दहा ना?"

"हो रे," महादेवराव म्हणाले. "दहापैकी दहा."

मधूनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग एकामागून एक सगळ्यांनीच लावला. महादेवरावांनी पाय मागे घेतले नाहीत. घेतले असते, तर का घेतले ते पोरांना सांगावं लागलं असतं.