सव्वा इंच अक्रोड

दक्षिण गोलार्धातल्या वायाऊच्या खोऱ्यात, शरद लागलेल्या मार्चच्या सकाळी धुकं नदीतून उठतं आणि उठल्यावर कुठं जायचं हे त्याला ठरवता येत नाही. कुंपणापाशी रेंगाळतं, मेंढ्यांच्या पाठीवरून सरकतं, ड्युगल्डच्या कारखान्याच्या दारातून आत डोकावतं. ड्युगल्डला अशा सकाळी आवडायच्या. धुकं म्हणजे वारा पडलेला, आणि वारा पडला की गोळी खरं बोलते, असं तो म्हणे.

एकाहत्तर वर्षांचा ड्युगल्ड माणसाच्या मापाच्या रायफली बनवायचा. दुकानातली रायफल कुणाच्याच मापाची नसते, म्हणून ती सगळ्यांना थोडीथोडी चालते; याची रायफल एकालाच चालायची, पण त्याला अशी की जणू ती हाताबरोबरच वाढली. गावातले शिकारी क्लबात तीन गोळ्या झाडत, वाकडी गेलेली 'ही धरायची नाही' म्हणून सोडून देत, आणि उरलेल्या दोन भोकांचा कागद पाकिटात घालून वर्षभर मिरवत. ड्युगल्डला त्या कागदांचा तिटकारा होता. हरीण काही तुमची तिसरी गोळी येईपर्यंत उभं राहत नाही. त्याचा नियम वेगळा. थंड नळीची, दिवसातली पहिली आणि एकच गोळी, शंभर मीटरवर, रोज सकाळी, त्याच कागदावर. अशा दहा सकाळी. एकही गोळी वगळायची नाही. पहिल्या सात त्याच्या, शेवटच्या तीन मालकाच्या. दहाव्या सकाळची गोळी जागेवर बसली की मगच तो नळीखाली आपलं नाव ठोकी.

या मार्चमधली रायफल तियाकीची होती. तियाकी ओराकाच्या किनाऱ्यावरचा, जन्मभर बोटीवर शेवंडी पकडलेला धिप्पाड माणूस. तीस वर्षं दोघं ताकितिमूच्या डोंगरात बरोबर शिकार करत आले होते. तियाकीजवळ इन्व्हरकार्गिलच्या दुकानातून आणलेली रायफल होती, खांद्याला टेकवायचा दस्ता प्लास्टिकचा असलेली, आणि ती त्याला कायम आखूड पडायची. पोराचं खेळणं घेऊन फिरतोय असं वाटतं, म्हणायचा. नऊ महिन्यांपूर्वी ड्युगल्डनं त्याच्या कोपरापासून बोटापर्यंत फूटपट्टी लावली आणि वहीत लिहिलं, दस्ता पावणेपंधरा इंच. दुकानातली होती साडेतेरा. बारा वर्षं वाळवलेली अक्रोडाची फळी त्यानं याच दस्त्यासाठी काढली. धूर पाण्यावरून चाललाय अशा तिच्यात रेषा होत्या. इतकं चांगलं लाकूड पुन्हा हाताला लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर जुलैत, भर हिवाळ्यात, तियाकीच्या मानेत गाठ निघाली. डनीडनला ऑपरेशन झालं, मग आठवडेच्या आठवडे किरणं दिली. फोनवर आवाज घोगरा यायचा, पण टोमणा शाबूत होता. नऊ महिने घेतलेस, आता माझी दुकानातली शेजारी ठेवून दोघींना झाडून दाखव, बघू कोण जिंकतं, असं म्हणून त्यानं ती प्लास्टिकची आधीच धाडून दिली होती.

म्हणून या वेळी रोज दोन गोळ्या झडत. एक अक्रोडाची, एक प्लास्टिकची. त्यांच्या मध्ये ड्युगल्ड चहा पीत बसे. धुक्यात डोंगर कधी असे, कधी नसे. त्या अर्धवट दिसण्यात त्याला जुने दिवस दिसत. कमरेएवढ्या पाण्यातून हरणाचा अख्खा नर खांद्यावर टाकून येणारा तियाकी, आणि आपण मागून त्याची टोपी धरून. हे खरंच एकदा घडलं होतं की अनेक वेळा, हे आता सांगता आलं नसतं. सात सकाळी झाल्या तेव्हा अक्रोडाची सातही भोकं दोन डॉलरच्या नाण्याखाली झाकली जात होती. प्लास्टिकची काड्यापेटीखाली. दुकानातल्या रायफलीच्या मानानं हे फारच झालं, आणि ड्युगल्डला ते मनातून झोंबलं.

सातव्या दिवशी दुपारी तियाकी आला. मीठ लावलेल्या तीती पक्ष्यांची बादली त्यानं नेटाच्या हाती दिली. नेटा म्हणजे ड्युगल्डची बायको. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि बादलीकडेच पाहत राहिली. तियाकी निम्मा झाला होता. उजवा खांदा आत वळला होता आणि मान, एरवी बैलासारखी, आता तसूभर पुढे होत नव्हती. वसंतापर्यंत, सप्टेंबरापर्यंत सुटेल, त्यानं न विचारताच सांगितलं. डनीडनच्या इस्पितळातली बाई व्यायाम देते.

आठव्या सकाळी तो मेजाशी बसला. अक्रोडाचा दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि मान पुढे ताणत राहिला. शेवटी म्हणाला की नळीवरच्या दुर्बिणीच्या काचेत धुकं आहे. बाहेर त्या दिवशी धुकं नव्हतं. मग त्यानं प्लास्टिकची उचलली आणि गोळी काड्यापेटीच्या आत टाकली.

ड्युगल्डनं दिवसभरात दुर्बीण सरकवता येईल तेवढी मागे घेतली. नवव्या सकाळी स्वतः वाकून पाहिलं नाही तरी त्याला कळत होतं की तियाकीला काय दिसतंय. डोळा काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून गोल उजेडाच्या कडेला काळी कोर चढते, आणि जितकं मागं राहावं तितकी ती मोठी होते. तियाकीनं त्या कोरीतूनच गोळी झाडली. ती कागदाची कड फाडून मातीत गेली. प्लास्टिकची पुन्हा जागेवर.

तियाकी घोगरं हसला. "नऊ महिने आणि राजाचं लाकूड. हरलास, डुगी."

"अजून एक सकाळ आहे."

"या एप्रिलच्या शिकारीला मी खेळणंच नेतो. आता बरोबर बसतंय. ही तुझ्या कपाटात राहू दे. मान सुटली की वसंतात येऊन घेऊन जाईन." बोलताना त्याचा अंगठा दस्त्याच्या रेषांवरून फिरत होता, आणि तो फिरतोय हे त्याला माहीत नव्हतं.

ड्युगल्डला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. दस्ता कापला तर काच डोळ्याजवळ येईल आणि रायफल तियाकीला बसेल, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण लाकूड कापलं की कापलं. तियाकीच्या तोंडावर कसं म्हणायचं, की बाबा, तुझी मान परत येईल असं मला वाटत नाही, म्हणून मी तुझं माप बदललं?

दुपारी नेटा चीज रोल वळत होती आणि पाहुणा आतल्या खोलीत झोपला होता. ड्युगल्डनं हे सगळं तिला सांगितलं. लाकूड कसलं आहे तेही सांगितलं, दोनदा. तिनं ऐकून घेतलं.

"तू त्याला वाचवतोयस की लाकडाला?" तिनं विचारलं.

त्याला राग आला. हातातला रोल तसाच टाकून तो कारखान्यात गेला. खिडकीतून ऊन मेजावर पडलं होतं आणि त्यात भुसा तरंगत होता, खाली न येता. नेटा खरं बोलली होती, आणि तिचा हा फार जुना दोष होता. शेवटी त्यानं दस्त्यामागची रबरी गादी उतरवली, सव्वा इंचावर पेन्सिलीची रेघ मारली आणि बारीक दातांची करवत घेतली. बारा वर्षं वाळलेलं लाकूड कापताना अजूनही गोड वास आला. त्यानं हात थांबू दिला नाही. मग कापलेल्या तुकड्याला त्यानं आरपार दोन भोकं पाडली, दस्त्यातल्या भोकांशी जुळवली, दोन लांब स्क्रू शोधून काढले, आणि गादी जागेवर बसवली.

दहाव्या सकाळी धुकं परत आलं होतं. तियाकीनं मेजावरची रायफल पाहिली. दस्त्याकडे पाहिलं, मग ड्युगल्डकडे, मग बराच वेळ नदीकडे.

"कापलीस," तो म्हणाला.

"तुकडा ठेवलाय. भोकं पाडलीत, स्क्रू आहेत. मान सुटली की दहा मिनिटांत परत लावीन. फट दिसायची नाही."

तियाकीनं रायफल उचलली. बसला, गाल टेकवला. त्याचा श्वास हळूहळू खाली जाताना ड्युगल्डला ऐकू आला, आणि कोर गेली, काच पूर्ण उजळली, हे त्याला त्या श्वासावरून समजलं. गोळी सुटली. दोघं ओल्या गवतातून चालत कागदापाशी गेले. ड्युगल्डनं खिशातलं नाणं काढून कागदावर ठेवलं. आठवं भोक त्याच्या खाली झाकलं गेलं.

आठव्या सकाळी अक्रोडाची झडलीच नव्हती, आणि नवव्या सकाळची फाटलेली कड तशीच होती. तीही धरायची, ड्युगल्ड म्हणाला, नियम तो नियम. पण दहाव्या सकाळची बसली होती. त्यानं नळीखाली नाव ठोकलं.

निघताना तियाकीनं हात पुढे केला. "तुकडा तुझ्याकडे राहू दे. स्क्रू दे माझ्याकडे. दोन्ही तुझ्याकडे राहिले तर तू हरवशील."

एप्रिलमध्ये नर माजावर येऊन ओरडू लागले, तेव्हा तो एकटाच ताकितिमूत गेला. तीन दिवसांनी फोन आला. एक मोठा नर दीडशे मीटरवर पाच मिनिटं उभा होता, काच स्वच्छ होती, आणि त्यानं चाप ओढला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि ड्युगल्डनं विचारलं नाही. हिवाळाभर ड्युगल्ड महिन्यातून एकदा खणातला तुकडा काढून तेल चोळत राहिला, म्हणजे लावायच्या वेळी रंग जुळावा.

सप्टेंबरात, वसंत येऊन मेंढ्या व्यायल्या तेव्हा तियाकी दारात उभा राहिला. हडकलेला होता, पण पायावर होता. रायफल खांद्यावर होती. ड्युगल्डनं खण उघडून चकचकीत तुकडा मेजावर ठेवला आणि म्हणाला की चल, दहा मिनिटांचं काम आहे.

तियाकीनं खिशातून दोन स्क्रू काढून तुकड्याशेजारी ठेवले. मग गळपट्टा सोडला, आणि डोकं पुढे करायचा प्रयत्न करून दाखवला. मार्चपेक्षाही कमी आलं.

"मान काही सुटायची नाही, डुगी. तुला तेव्हाच माहीत होतं, मलाही होतं." त्यानं रायफल मेजावर आडवी ठेवली. "पुढचा एप्रिल यायचाय अजून. आणखी अर्धा इंच काप."

ड्युगल्डनं तुकडा आणि स्क्रू परत खणात ठेवले. डोळे पुसले, कारण पेन्सिलीची रेघ नीट दिसायला हवी होती, आणि करवत घेतली.