भुताचा आवाज काढणारा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. छपरावरचा नव्हे, नाटकातला. माझी उंची पुरुषभर, रुंदी दोन हात आणि अंग इतकं पातळ की शेजारी कुणी शिंकलं तरी मी थरथरतो. आता माझ्या कडा गंजल्या आहेत. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा जीव निवायचा नाही. किती वर्षं ती मनात घेऊन बसलो आहे! देवानं मला चीड दिली, पण जीभ दिली नाही. पत्र्याला बोलायचं झालं तर कुणीतरी धरून हलवावं लागतं.

नागपुरात इतवारीला लोहाओळी आहे. तिथल्या ओमप्रकाश नावाच्या दुकानदाराकडे मी दहा वर्षं भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या बरोबरीचे जाड पत्रे धान्याच्या कोठ्या झाले, पेट्या झाले, संसाराला लागले. मला मात्र जो तो बोटानं दाबून बघे आणि पुढे जाई. मग एक दिवस गोपाळराव आले. कोराडीच्या वीजकेंद्रात ते स्टोअरमध्ये कारकून होते आणि तिथल्या वसाहतीतल्या नाटकमंडळीचे लेखक-दिग्दर्शकही तेच. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून हलवलं. मी गडगडलो. स्वतःचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"साहब, कोठी के लिए तो ये कच्चा है," ओमप्रकाश प्रामाणिकपणे म्हणाला.

"मले कोठी नाई करायची गा. मले आभाळ पाहिजे."

त्यांनी मला दोन भोकं पाडली, सुती दोरी ओवली आणि लहानूच्या हाती दिलं. लहानू दिवसा वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करी. त्याचे हात काळे, पण ताल पक्का. तो मला पडद्यामागे टांगायचा आणि नेमक्या शब्दाला हलवायचा. मी ढग झालो, पूर झालो, एकदा तर कोसळणारा किल्लाही झालो. एका प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या आजोबांनी माझा आवाज ऐकून छत्री उघडली होती. हे माझे कौतुकाचे दिवस.

मग १९७९ साली गोपाळरावांनी नवं नाटक लिहिलं. त्यात एक मांत्रिकीण आपल्या दुष्ट दिराचा सूड घ्यायला विहिरीतून पिशाच्च बोलावते. हे काम कुणी करायचं? वसाहतीत क्रेन चालवणारे मार्तंडराव होते, त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण बाई नेमाच्या. सोमवारचा उपास, रोज सांजेला तुळशीपाशी दिवा. त्या म्हणाल्या, "काम करते मी. पण मंत्रात देवाचं नाव नाई घेणार. ओम नाई, नमः नाई. भुतासाठी देवाले हाक मारायची नाई."

गोपाळराव डोकं खाजवत बसले. त्यांचं गाव नरखेड तालुक्यातलं. शेवटी त्यांनी गावाकडच्या यष्टीचे थांबेच ओळीनं लिहून दिले. "जलालखेडाऽ मोवाडाऽ बेलोनाऽ भिष्णूराऽ!" झरझर म्हटलं की अंगावर काटा यायचा.

मित्रांनो, नाटकात भूत कसं बोलावतात हे तुम्हाला ऐकायचं असेल, तर नीट ऐका. आधी रिंगण आखायचं. त्यासाठी वीजकेंद्राची राख होतीच, सगळ्या कोराडीत तिला तोटा नाही. रिंगणात पाच लिंबं ठेवायची. पण लिंबू मागच्या रांगेला दिसत नाही, म्हणून मोसंबी ठेवायची. दिव्यावर निळा कागद चढवायचा. थांब्यांचा मंत्र तीनदा म्हणायचा. आणि तिसऱ्या वेळी लहानूनं मला हलवायचं. संपलं. भूत म्हणजे मी! दुसरं कुणीही नाही.

गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रयोग झाला. मी असा गर्जलो की मांडव हादरला. पोरं किंचाळली. पहिल्या रांगेत कौसल्याबाईंची सहा वर्षांची शामला होती, ती आईच्या कुशीत शिरली आणि दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले, हिवताप आहे, वसाहतीत डास फार झालेत. गोळ्या दिल्या. आठ दिवसांत पोर खेळायला लागली.

पण तेवढ्यात नळावर बोलणं झालं होतं. नाटकाच्या सामानाची खोली नळाला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. बायजाबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांचा शब्द सगळ्या जणी मानत.

"तुम्ही आयकलं का वं?" त्या म्हणत होत्या. "सगळ्या मंत्रात एकदाही देवाचं नाव नाई घेतलं तिनं. खोटा असता तं ओमबिम असतंच ना काही. खऱ्या मंत्रातच देव नसते."

"हो वं माय!" दुसरी म्हणाली. "आन् उपास तरी किती करते! उगाच करते का कोणी?"

सांगा मित्रांनो, काय करावं मी? जी गोष्ट त्या बाईनं देवाच्या मानासाठी केली, तीच तिच्यावर उलटली. उपास केला तर संशय, न करती तर आणखी संशय. मी खिळ्याला टांगलेलो. अंगातून सळसळून ओरडावंसं वाटत होतं, अहो, मी आहे तो! दीड हाताच्या भिंतीपलीकडे आहे! कुणीतरी येऊन हलवा! पण वाराही सुटला नाही त्या दिवशी.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली. आमच्या विदर्भात मुली महिनाभर संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. मग घरची बाई खिरापतीचा डबा बंद ठेवूनच हलवते, आणि आवाजावरून आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. प्रेमिलाबाईंना मुलगी नव्हती, तरी भुलाबाई मांडायचा त्यांचा नेम होता. पहिल्या दिवशी त्यांनी मुरमुऱ्याचे लाडू केले. मुलींचा घोळका त्यांच्या दारावरून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी फुटाणे. घोळका पुढे गेला. तिसऱ्या दिवशी तर दारापाशी आल्यावर मुली पळत सुटल्या. डब्यातलं सगळं त्यांनी मुंग्यांना घातलं म्हणे.

चौथ्या दिवशी त्या आमच्या खोलीत आल्या. लहानू माझी दोरी बदलत होता.

"लहानूभाऊ, पत्रा द्या मले घंटाभर."

"कायले पाहिजे वहिनी?"

"खिरापत आहे."

लहानू आधी हसला, मग त्याला समजलं. "गोपाळराव मले जित्ता नाई ठेवणार. काटोलले प्रयोग हाय पुढच्या महिन्यात. मागचं पुढं दिसलं का नाटक मेलं म्हणतात ते."

"नाटक मेलं तं ते दुसरं लिहितीन. माझ्या दारी लेकरू नाई येऊन राहिलं, लहानूभाऊ."

त्यानं मला सतरंजीत गुंडाळलं आणि स्वतःच उचलून निघाला.

कौसल्याबाईंच्या अंगणात मुलींची गाणी नुकतीच संपली होती. प्रेमिलाबाईंना बघताच कौसल्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आज नको, प्रेमिलाबाई. शामला आत्ता कुठं बरी झाली."

"मी उंबऱ्याच्या आत नाई येत, कौसल्या. इथूनच. पोरींनो, खिरापत ओळखा!"

लहानूनं सतरंजीसकट मला हलवलं. मुली किंचाळल्या, दोघी तुळशीआड लपल्या.

"भ्यायचं नाई, ओळखायचं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "हरलात का मंग?"

हरणं कोणत्या पोरीला आवडतं?

"आभाळ!"

"मालगाडी!"

"कोळशाचा ट्रक उलटला!"

आईच्या पदरामागून शामला हळूच म्हणाली, "भूत."

कौसल्याबाईंनी तिला जवळ ओढलं.

"बरोब्बर," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तेच भूत. ये, हात लावून पाहा." आणि त्यांनी सतरंजी ओढली.

शामला पुढे आली. एक बोट तिनं माझ्या अंगाला लावलं, मग टकटक केलं. "हा तं पत्रा आहे!" तिच्या आवाजात जरा निराशाच होती. पण पुढच्या क्षणी माझी दोरी ओढायला सहा हात आले.

"आन् मंत्र?" कुणीतरी विचारलं. प्रेमिलाबाईंनी तो सावकाश म्हणून दाखवला, एकेक गाव सुटं करून.

"अवं, ही तं माझ्या मामाच्या गावची यष्टी!" एक पोरगी ओरडली, आणि हशाच हशा.

कौसल्याबाई हसल्या नाहीत. "मंग देवाचं नाव काहून नाई घेतलं वं?"

"भुतासाठी घेऊ का मी देवाचं नाव?"

कौसल्याबाईंची मान खाली गेली. त्या आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आत या."

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखानं गंजलो असतो. पण तसं झालं नाही. बातमी काटोलला आमच्या आधी पोचली. तिथं मंत्र सुरू होताच पोरं ओरडली, "मोवाडवाले उतरा गाऽ!" नाटक त्याच दिवशी बंद पडलं. गोपाळरावांनी मला खोलीमागे भिंतीशी टाकून दिलं. माझं काम गेलं. तिथून प्रेमिलाबाईंनी मला घरी नेलं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं आणि पलंगामागे ठेवलं. त्यांच्याकडे मुली येऊ लागल्या. बायजाबाईंची नात मात्र आली नाही. बायजाबाई नळावर बोलल्या म्हणे, "पत्रा तं पत्राच हाय. पण हलवणारा हात कोणाचा?"

डोळ्यांनी पाहिलं, हातानं चाचपलं, तरी भीती सोडवत नाही. लोकांना भूत नको असतं, पण ते गेलेलंही नको असतं.

चार वर्षांनी मार्तंडरावांची बदली दुसऱ्या वीजकेंद्रावर झाली. ट्रकमध्ये गाद्यांवर मला बांधलं होतं. नव्या वसाहतीत सामान उतरत होतं, तोच शेजारची एक बाई लांबूनच म्हणाली, "तुम्हीच ना त्या, कोराडीच्या? भूत बोलावणाऱ्या?"

प्रेमिलाबाईंनी हातातली कळशी खाली ठेवली. मग माझी दोरी सोडली आणि त्या रस्त्यातच मला हलवायला लागल्या. पुढच्या बदलीच्या गावीही तेच. आता त्यांचे हात दुखतात. दोरी धरताना मला ते कळतं.

मित्रांनो, एका बाईनं किती दारांत पत्रा वाजवायचा? माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. मला गंज लागला तरी चालेल. पण कधी तुमच्या दारी अशी एखादी बाई आली, जिच्या आधी तिची कुजबुज पोचली आहे, तर तिला वाजवून दाखवायला लावू नका. आधी आत घ्या. पाणी द्या. मग तिला सांगावंसं वाटलं, तर ती सांगेल.