चार फेऱ्यांची झोप

मागच्या रमजानात गाडी चालवताना सुकीरचा डोळा लागला तो जेमतेम पाच-सहा सेकंद, पण तेवढ्यात शाळेची व्हॅन रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरली. आत अकरा मुलं होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, उलट "पाक सुकीर, सुकीरकाका, परत एकदा!" म्हणून ती ओरडली. सुकीरनं मात्र मुलं दोनदा मोजली.

म्हणून यंदा त्यानं आधीच तयारी केली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, की झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. फेरी पुरी करून उठलं तर माणूस ताजा, मध्येच उठवलं तर दिवसभर डोकं जड. रात्रीची तरावीहची नमाज उरकून दहाला झोप लागली, की चार फेऱ्या पहाटे चारला पुऱ्या. त्यानंतर चौदा मिनिटांत सहरीची, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाची, वेळ संपणार.

"चौदा मिनिटांत जेवणार? गिळणार म्हणा," त्याची बायको मुर्तिनी म्हणाली. तो तिला लाडानं बू म्हणायचा.

"तू ताट झाकून ठेव, बू. चावायचं माझं मी बघतो."

पण तीनला गल्लीत सहरीसाठी उठवणारी मंडळी यायची. बांबू, पत्र्याचे डबे आणि सगळ्यांत पुढे न्गादियोचा ढोल. चौथी फेरी तिथंच मोडायची. पहिले चार दिवस सुकीर दचकून उठला. पाचव्या दिवसापासून त्याला दोनलाच जाग यायला लागली. आता येतील, मग येतील. घड्याळाकडे पाठ करून पडला तरी मन मिनिटं मोजतच राही.

सातव्या संध्याकाळी रोजा सोडून तो न्गादियोच्या भज्यांच्या गाडीवर गेला.

"आमच्या गल्लीत वाजवू नका."

"वा रे! ढोल आला नाही म्हणून लोक भांडतात. आला म्हणून भांडणारा तूच पहिला."

"मागे अकरा लेकरं असतात, न्गादियो."

न्गादियोनं झारा खाली ठेवला. त्या अकरांत त्याची नात होती. "बरं," तो म्हणाला, "नाहीतरी मोबाइल सगळ्यांकडेच आहेत."

सुकीर तीन रात्री गाढ झोपला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुर्तिनी घाबरीघुबरी घरात आली. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्बाह पोनिरा, सगळ्यांची आजी, मशिदीची पायरी झाडता झाडता कोसळली होती. साखरेचं पाणी पाजल्यावर सावरली.

"तीन दिवस सहरीशिवाय रोजे धरलेत तिनं," मुर्तिनी म्हणाली. "मोबाइल नाही तिच्याकडे."

सुकीर तसाच उठून गेला. म्हातारी चटईवर पडून होती.

"ढोल मी बंद करवला, म्बाह. माझ्या झोपेसाठी."

"म्हणजे मला वगळलं नव्हतं ना कुणी?" तिनं विचारलं. "मला वाटलं, या थेरडीला आता कशाला उठवायचं, असं ठरलं असेल."

"नाही हो, म्बाह!"

"मग ठीक. पण उद्या कुणीतरी उठवा बाबा. पोटात खड्डा पडलाय."

न्गादियो पुन्हा ढोल वाजवायला तयार होता, पण सुकीरनं नको म्हटलं. अडीचला तीन फेऱ्या पुऱ्या होतात. तो अडीचला उठू लागला. म्हातारीचं दार वाजवायचं, तिनं चूल पेटवली की घरी येऊन नीट चावून जेवायचं.

राहिलेली एक फेरी मुलांना शाळेत सोडल्यावर व्हॅनच्या मागच्या बाकावर घ्यायची, असं त्यानं ठरवलं. पण ठरवून झोप येते थोडीच! उकाडा, मुंग्या, आणि आपण झोपून राहिलो आणि शाळा सुटली तर, ही धास्ती. चार दिवस तो नुसता कूस बदलत राहिला आणि मुलांना घरी सोडताना खिडक्या उघड्या टाकून, मोठमोठ्यानं बोलत गाडी चालवत राहिला. मुलं कंटाळली.

पाचव्या दिवशी केव्हातरी झोप लागली. जागा झाला तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. किती वाजले? मुलं कुठं आहेत?

नऊ वाजायला दहा मिनिटं होती. शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता. डोकं हलकं वाटत होतं. कितीतरी दिवसांत असं वाटलं नव्हतं. तरी त्यानं घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं, खाली उतरून तोंडावर पाणी मारलं, आणि मुलं यायला दोन तास असताना व्हॅनचे आरसे पुसायला घेतले.